जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा: टाकीतला फ्लोट बदलायचा की दुरुस्त करायचा?

आमच्या घरी वडिलांची फियाट आहे, ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली. जिला पुढे सगळे पद्मिनी म्हणू लागले तिची थोरली बहीण. काही वर्षांपूर्वी तिची पेट्रोलची टाकी उतरवली, आतून धुऊन घेतली, बाहेरून दोन हात काळा रंग मारला आणि परत चढवली. दुसऱ्या दिवशी पेट्रोलचा काटा शून्यावर. टाकीत वीस लिटर पेट्रोल, पण काटा जागचा हलेना. गॅरेजमध्ये सांगितलं, "फ्लोट (टाकीतली पातळी काट्याला कळवणारा भाग) गेला, नवा टाका." जुना फ्लोट काढला, कुठल्याही गाडीला चालतो असं सांगून विकलेला नवा आणून बसवला. काटा हलू लागला, पण अर्धी टाकी असताना पाऊण दाखवायचा. त्या पाऊणवर विसंबून साताऱ्याला निघालो आणि खंबाटकी घाटाच्या अलीकडे गाडी कोरडी पडली.

नंतर कळलं की जुना फ्लोट बिघडलाच नव्हता. टाकीला मारलेल्या नव्या रंगाने त्याचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या लोखंडातून विजेचा परतीचा रस्ता) तुटला होता. नवा फ्लोट बसवताना स्क्रू घासून रंग खरवडला गेला, अर्थ पुन्हा मिळाला, आणि श्रेय मात्र नव्या फ्लोटला गेलं. पन्नास-साठ वर्षं इमानाने चाललेला भाग मी कागदात गुंडाळून फडताळात टाकला होता. ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे आणि ज्यांचा काटा रुसला आहे, त्यांनी बाजारात जाण्याआधी टाकीत नक्की काय चालतं ते समजून घ्यावं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

टाकीच्या आत काय असतं

गॅरेजमध्ये याला फ्लोट म्हणतात, कुणी टँक युनिट म्हणतात, विकणारे सेंडर म्हणतात. भाग एकच. टाकीच्या वर किंवा बाजूला एक गोल चकती स्क्रूंनी घट्ट केलेली असते. तिच्या आतल्या बाजूला एक तारेचा हात, हाताच्या टोकाला तरंगणारी डबी. पेट्रोल वाढलं की डबी वर, कमी झालं की खाली. हाताच्या दुसऱ्या टोकाला पितळेची छोटी जीभ असते आणि ती एका पट्टीवर गुंडाळलेल्या बारीक तारेवरून सरकते.

ही तार विजेला अडवते. जीभ तारेच्या या टोकाला असली तर विजेला थोडीच तार पार करावी लागते, त्या टोकाला गेली तर सगळी. जुन्या पंख्याचा मोठा, गरम होणारा रेग्युलेटर आठवा. मूठ फिरवली की पंख्याचा वेग बदलायचा. टाकीतला फ्लोट म्हणजे तसाच रेग्युलेटर, फक्त मूठ फिरवायचं काम पेट्रोल करतं. डॅशबोर्डवरचं मीटर तारेतून किती वीज आली एवढंच पाहतं आणि काटा तितका हलवतं. या अडथळ्याचं माप ओहममध्ये मोजतात. पुढे सगळा खेळ या ओहमचा आहे.

पेट्रोलच्या टाकीत वीज, मग आग कशी लागत नाही, हा प्रश्न पडायलाच हवा. एक तर वीज फार थोडी असते. मीटरच्या आतल्या वेटोळ्यातून गाळून आलेली. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हाच पेट घेते. बंद टाकीत एरवी वाफ इतकी दाट असते की जळायला पुरेशी हवाच नसते. याचा उलटा अर्थ लक्षात ठेवा: रिकामी, उघडी, हवा खेळलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक. ‘पेट्रोल काढून टाकलंय, आता काय होतंय’ असं म्हणत उघड्या टाकीजवळ डाख देणाऱ्या माणसाला तिथून उठवा.

काटा कुठल्या जातीचा

फ्लोटला दोष देण्याआधी मीटर ओळखायला हवं, कारण दोन जातींची मीटरं वेगवेगळी वागतात.

पहिल्या जातीत दोन वेटोळी असतात, एकमेकांशी काटकोनात. एक काट्याला रिकाम्याकडे ओढतं, दुसरं भरलेल्याकडे. फ्लोट त्या दोघांतली ओढाताण ठरवतो. किल्ली फिरवली की काटा झटकन जागेवर येतो. बॅटरी थोडी कमीजास्त असली तरी दोन्ही वेटोळ्यांवर सारखाच परिणाम होतो, म्हणून काटा खोटं बोलत नाही.

दुसऱ्या जातीत दोन वेगवेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी असते. तिच्याभोवतीच्या तारेतून वीज गेली की ती तापते, वाकते आणि काट्याला ढकलते. किल्ली फिरवल्यावर काटा सावकाश, झोपेतून उठल्यासारखा वर चढत असेल तर तुमचं मीटर या जातीचं. हिला ठरावीक व्होल्टेज लागतं, म्हणून डॅशबोर्डच्या मागे एक छोटा स्टॅबिलायझर बसवलेला असतो. ब्रिटिश स्मिथ्सच्या मीटरांमागे तो साधारण दहा व्होल्ट देतो. पेट्रोलचा आणि पाण्याच्या तापमानाचा, असे दोन्ही काटे एकाच वेळी चुकू लागले तर फ्लोटला हात लावू नका. तो स्टॅबिलायझर आणि त्याचा अर्थ आधी पाहा. दोन वेगळे सेंडर एकाच दिवशी बिघडायची शक्यता किती?

आता परीक्षा. किल्ली चालू करा, फ्लोटच्या टर्मिनलवरची वायर काढा आणि काटा पाहा. मग तीच वायर क्षणभर बॉडीच्या उघड्या लोखंडाला टेकवा. काटा एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला गेला, तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक. दोष टाकीपाशी आहे. काटा कशालाच हलला नाही, तर फ्यूज, वायर किंवा मीटर. हे करताना फ्लोट टाकीत घट्ट बसलेला असावा, टाकीचं झाकण बंद असावं आणि वायर टाकीपासून लांब, हवेशीर जागी टेकवावी, कारण ठिणगी उडते. तापणाऱ्या जातीच्या मीटरला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, आतली तार जळते. मी आता वायर थेट टेकवतच नाही; वीस-बावीस ओहमचा रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग) मध्ये धरतो. तो कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ पैशात मिळतो.

याच परीक्षेत मीटरचा स्वभावही कळतो. वायर टेकवल्यावर काटा ‘फुल’कडे गेला, तर तुमच्या गाडीत कमी ओहम म्हणजे भरलेली टाकी. ‘रिकामी’कडे गेला, तर कमी ओहम म्हणजे रिकामी. हे लिहून ठेवा. नवा फ्लोट घ्यायची वेळ आलीच तर सगळ्यात आधी हेच लागणार आहे.

अर्थ

बहुतेक लोक इथे घाई करतात, म्हणून इथे थोडं थांबू.

मीटरकडून फ्लोटकडे एकच वायर येते. परतीचा रस्ता म्हणजे फ्लोटची चकती, तिचे स्क्रू, टाकीचं लोखंड, टाकीचे पट्टे, मग चॅसी (गाडीचा लोखंडी सांगाडा). चकतीखाली कॉर्कचं किंवा रबरी पॅकिंग असतं, त्यातून वीज जात नाही. म्हणजे सगळी भिस्त चार-पाच स्क्रूंवर. स्क्रू गंजले, टाकीला रंग दिला, पट्ट्यांखाली नवं रबर घातलं, की परतीचा रस्ता बंद किंवा अरुंद.

पूर्ण बंद झाला तर लगेच कळतं. अरुंद झाला की फसगत होते. गंजलेल्या स्क्रूने समजा वीस ओहमची भर घातली. कमी ओहम म्हणजे भरलेली टाकी असणाऱ्या गाडीत काटा कायम थोडं कमी दाखवेल, कितीही भरा, ‘फुल’ला टेकणार नाही. उलट्या जातीत तो कायम थोडं जास्त दाखवेल, आणि हे दुसरं दुखणं तुम्हाला रस्त्यात उभं करतं. पावसाळ्यात एक वाचन आणि उन्हाळ्यात दुसरं, खड्ड्यातून गेल्यावर तिसरं, अशी लक्षणं दिसली तर संशय आधी अर्थावरच घ्या.

उपाय सोपा आहे. फ्लोटच्या चकतीवरून एक वेगळी वायर थेट चॅसीच्या घासून साफ केलेल्या जागी न्या आणि बोल्टने घट्ट करा. काटा लगेच ताळ्यावर आला तर उरलेला लेख गरज पडेल तेव्हा वाचा.

फ्लोट बाहेर काढल्यावर

टाकी अर्ध्यापेक्षा कमी असताना, बॅटरीची वायर काढून, मोकळ्या हवेत काम करा. फ्लोट हळूच तिरका करत बाहेर घ्या. हात वाकला तर मूळ माप गेलं. काढण्याआधी हाताचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्याचा फोटो काढा.

मल्टिमीटर ओहमवर ठेवा. एक टोक टर्मिनलला, दुसरं चकतीला. हात अगदी खाली ठेवून आकडा लिहा, अगदी वर नेऊन आकडा लिहा, मग सावकाश खालून वर न्या. आकडा हळूहळू, पायरीपायरीने बदलत गेला तर आतली तार शाबूत आहे. मध्येच आकडा गायब होऊन परत आला तर त्या जागी मळ आहे किंवा तार झिजली आहे. यासाठी जुना काट्याचा मल्टिमीटर जास्त चांगला. क्षणभराची उडीही डोळ्याला दिसते. फ्लोटला दोन टर्मिनल असतील तर गोंधळू नका, एक काट्याचं आणि दुसरं पेट्रोल संपत आल्यावर लागणाऱ्या दिव्याचं.

मळ असेल तर इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशने पुसा. पॉलिश पेपर कधीही लावू नका. ती तार केसासारखी असते. एकाच रेषेत खाच पडली असेल तर पितळी जीभ नाकपकडीने जराशी बाजूला वाकवा, म्हणजे ती तारेच्या ताज्या भागावरून चालेल. एवढ्यावर पुष्कळ फ्लोट पुन्हा उभे राहतात.

तार तुटलीच असेल तर नवी गुंडाळता येते, आणि मला हे काम फार आवडतं. तार बहुधा नायक्रोमची असते, म्हणजे शेगडीच्या स्प्रिंगची, फक्त कितीतरी बारीक. तिला साधा डाख धरत नाही, म्हणून टोकं दाबून किंवा रिव्हेट करून बसवतात. हिशेब असा: ०.१५ मिलिमीटर जाडीच्या नायक्रोमचा अडथळा मीटरला साधारण ६२ ओहम. तुम्हाला ९० ओहम हवेत तर जवळपास १.४५ मीटर तार. पट्टीचा घेर २२ मिलिमीटर असेल तर सुमारे ६५ वेढे. वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून तारेसोबत शिवणाचा दोरा गुंडाळायचा आणि शेवटी दोरा उलगडून काढायचा. वेढ्यांमधलं अंतर एकसारखं राहतं. पट्टी एका बाजूला निमुळती असेल तर ती झिजलेली नाही, मुद्दामच तशी केलेली आहे. टाकीचा आकार वेडावाकडा असतो, आणि काटा अर्ध्यावर असताना टाकी खरोखर अर्धी असावी म्हणून कुणीतरी तो उतार आखलेला आहे. तो आकार जपा.

आता डबी. पितळी डबी कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तिला छिद्र पडलं आहे. ती अर्धवट बुडते आणि काटा कायम कमी दाखवतो. गरम पाण्याच्या भांड्यात बुडवली की बुडबुडे नेमक्या छिद्रातून येतात. ती जागा खुणेने लक्षात ठेवा. मग आतलं पेट्रोल पूर्ण घालवा: छिद्र थोडं मोठं करून, अंगणात, गरम पाण्याचा शेक देत, वास अजिबात येईनासा होईपर्यंत. ज्योत नको, विजेच्या कैय्यानेच (सोल्डरिंग आयर्नने) डाख द्या. अजून एक अडचण येते. डबी गरम असताना आतली हवा फुगते आणि शेवटच्या छिद्रावरचा डाख फुंकून टाकते. म्हणून डबी थंड होऊ द्या आणि शेवटचं छिद्र क्षणात बंद करा. डाख कमीत कमी. वजन वाढलं की डबी खोल बसते.

कॉर्कची डबी त्याहून जुन्या गाड्यांत भेटते. तिच्यावर लाखेचं रोगण असायचं, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आपल्याकडे आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, आणि इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. रोगण गेलं की कॉर्क पेट्रोल पितो आणि बुडतो. कॉर्कवर पुन्हा लाख चढवण्यात अर्थ नाही. नायट्राइल रबराची, बंद छिद्रांची डबी त्याच हातावर बसवा. याच इथेनॉलमुळे टाकीत पाणी ओढलं जातं आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली की तळाला गंज साठतो. फ्लोट बाहेर आहेच, तर बॅटरीच्या उजेडात टाकीचा तळही पाहून घ्या.

नवा घ्यायचाच असेल तर

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांत फिरताना खिशात जुना फ्लोट असू द्या. तो मेलेला असला तरी चालेल. चकतीवर कोरलेला नंबर, भोकांची संख्या आणि त्यांतलं अंतर, हाताची लांबी, टाकीची खोली आणि मघाशी लिहून ठेवलेले दोन आकडे, हे सगळं त्याच्याकडून मिळतं. एक भोक मुद्दाम वाकड्या अंतरावर असतं, चकती एकाच रीतीने बसावी म्हणून. ते जुळतं का पाहा. तुटक्या फ्लोटमधली तार आणि दुसऱ्या फ्लोटची डबी जोडून एक चांगला उभा करता येतो, म्हणून दुकानात पडलेला मोडकाही घ्या.

सगळ्यांत महत्त्वाचे ते ओहम. प्रत्येक घराण्याचा आकडा वेगळा. जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९६५पासून रिकामी ० आणि भरलेली ९०. त्याआधी ० ते ३०. अमेरिकन फोर्डच्या जुन्या गाड्यांत उलट, रिकामी साधारण ७३ आणि भरलेली १०. जर्मन व्हीडीओचे फ्लोट १० ते १८०. बाजारात सर्रास मिळणारा ‘युनिव्हर्सल’ फ्लोट बहुधा २४० ते ३३चा असतो, रिकामी २४० आणि भरलेली ३३. तुमच्या मीटरला हवे ते आकडे आणि फ्लोटचे आकडे जुळले नाहीत तर दोन्ही वस्तू नव्याकोऱ्या असूनही एकमेकांशी बोलणार नाहीत.

दुकानदार म्हणतात, ‘एक रेझिस्टर लावा, जमतं.’ कसं जमतं ते पाहू. मीटर ० ते ९०चं आहे आणि फ्लोट १० ते १८०चा मिळाला. फ्लोटला समांतर, म्हणजे वीज दोघांत वाटली जाईल असा, १८० ओहमचा रेझिस्टर लावला. भरलेल्या टाकीला १८० आणि १८० मिळून ९० होतात, बरोबर. रिकाम्या टाकीला १० आणि १८० मिळून साडेनऊ, चालण्यासारखं. दोन्ही टोकं जुळली म्हणून माणूस खूश होतो. पण अर्ध्या टाकीला फ्लोट ९५ ओहमवर असतो. ९५ आणि १८० समांतर मिळून होतात ६२. मीटरला तिथे ४५ हवे होते. म्हणजे टाकी अर्धी आणि काटा दोन-तृतीयांशाच्याही पुढे. माझ्या फियाटमध्ये आकडे वेगळे होते, पण नेमकं हेच झालं होतं. आणि फ्लोटची दिशाच उलटी असेल, तर कुठलाही रेझिस्टर तिला सुलटी करू शकत नाही. त्यासाठी आकडे उलटवणारी इलेक्ट्रॉनिक डबी मिळते, ती लागते.

खरोखर पुरातन गाडी असेल तर हे ओहमचं गणित कदाचित लागणारच नाही. फोर्ड मॉडेल टीला पेट्रोलचा काटाच नव्हता; सीट उचलून टाकीत पट्टी बुडवायची. १९२८ ते १९३१च्या मॉडेल एमध्ये टाकी डॅशबोर्डच्या पुढेच होती आणि कॉर्कला जोडलेला आकडा थेट काचेतून दिसायचा, एकही वायर नाही. १९३०च्या आसपासच्या काही गाड्यांत किंग-सीलीचं मीटर असे, टाकीतल्या पेट्रोलचा दाब बारीक नळीतल्या हवेतून काचेतल्या लाल द्रवाला वर ढकलायचा. तिथे मल्टिमीटरचं काही काम नाही, नळी कुठे गळते एवढंच शोधायचं.

परत बसवताना

फ्लोट टाकीत घालण्याआधी टाकीची तोंडं बंद करून, गाडीपासून थोडं लांब, लांब वायरने मीटरला आणि दुसऱ्या वायरने चॅसीला जोडा. किल्ली चालू करा आणि फ्लोटचा हात आपल्या हाताने वरखाली करा. डॅशबोर्डपाशी कुणालातरी बसवा. खाली शून्य, वर फुल आलं की मगच आत घाला. शून्यावर काटा थोडा आधी टेकावा असा हात किंचित वाकवा. डबी तळाला घासू देऊ नका. पॅकिंग नवं, पेट्रोलला टिकणारं घ्या.

मग टाकी जवळजवळ रिकामी करून पाच-पाच लिटर पेट्रोल मोजून घाला आणि दर वेळी, गाडी सपाट जागी उभी असताना, काटा कुठे आहे ते लिहा. घाटात चढावर पेट्रोल टाकीच्या एका बाजूला सरकतं, तिथलं वाचन धरू नका. मी जुना फ्लोट साफ करून, पॅकिंग बदलून, चकतीला वेगळी अर्थची वायर देऊन परत बसवला तेव्हा असेच आकडे एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहिले. तो अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. काटा शून्याच्या रेषेला टेकतो तेव्हा टाकीत चार लिटर असतात.